पाण्याखालच्या माया पुरातत्त्वाकडे वळताना: आधी गाळ, मग सोनं

माया ही मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतली प्राचीन संस्कृती. या विषयात येणारे बहुतेक जण आधी चिचेन इत्सा या माया शहरातला पवित्र सेनोटे (पाण्यानं भरलेलं नैसर्गिक विवर), नरबळी आणि सोन्याच्या वस्तू यांच्याकडे धाव घेतात. मी सुचवेन, आधी खडक, पाणी आणि गाळ यांची परिभाषा पक्की करा.

चिचेन इत्सा जिथे आहे तो मेक्सिकोतला युकातान हा चुनखडीचा प्रदेश. पावसाच्या पाण्यानं खडक विरघळतो, आत पोकळी होते, छत कोसळलं की खालचं भूजल उघडं पडतं, तो सेनोटे. किनाऱ्याजवळ गोड्या पाण्याखाली खारं पाणी असतं. दोन्ही भिडतात त्या थराला हॅलोक्लाइन म्हणतात आणि तिथे नजर धूसर होते. तुलुमजवळच्या ओयो नेग्रो या बुडालेल्या विवरात २००७ साली पाणबुड्यांना एका किशोरवयीन मुलीचा सांगाडा दिसला. तिला 'नाइया' म्हणतात. ती १२,००० वर्षांहून जुनी, म्हणजे माया संस्कृतीच्या कितीतरी आधीची. तेव्हा समुद्राची पातळी खाली होती, गुहा कोरडी होती. सेनोटेत मिळालेलं सगळं माया नसतं, हे इथेच कळतं.

माझं मन मात्र रमलं ते मध्य अमेरिकेतल्या बेलीझ देशातल्या पेन्स क्रीकच्या, माया लोकांच्या बुडालेल्या मिठागरांत. पुरातत्त्वज्ञ हेदर मॅकिलप यांच्या चमूला तिथे खारफुटीच्या पीटमध्ये लाकडी खांब मिळाले आणि २००४ साली होडीचं वल्हंही. पीट म्हणजे अर्धवट कुजलेल्या मुळा-पानांचा थर. त्यात प्राणवायू नसतो, म्हणून लाकूड हजारेक वर्षं टिकलं. एरवी उष्ण कटिबंधात ते कधीच कुजून गेलं असतं. पाणी उथळ, पण तळावर पाय ठेवला की गाळ ढवळतो. म्हणून संशोधक तराफ्यांवर पालथे पडून हळूहळू पुढे सरकतात आणि खांब हाताला लागला की शेजारी छोटा झेंडा रोवतात. झेंड्यांच्या रांगांतून घरांचे आराखडे दिसू लागतात. सोबतची खापरं खारं पाणी आटवायच्या भांड्यांची. त्या प्रत्येक खापराची जागा, खोली, शेजार म्हणजे त्याचा 'संदर्भ'. वस्तू उचलली की तो गेला. युनेस्कोचा २००१ चा करारही अवशेष जागेवरच जपण्याला पहिली पसंती देतो.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाचा पाया घडतो. गोव्यात दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं सागरी पुरातत्त्वाचं काम केलं आहे, तेही वाचा. स्पॅनिश लवकर सुरू करा, मेक्सिकोतले उत्खनन-अहवाल बरेचसे त्याच भाषेत असतात. गुहेत बुडी मारणं सगळ्यात शेवटी, रीतसर प्रशिक्षण घेऊनच. एक तृतीयांश हवा आत जायला, एक तृतीयांश परतीला, उरलेली राखीव: हा तिथला किमान नियम.