सोसायटीत, दवाखान्यात एआय बसवण्याआधी काय काय तपासायचं

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या पतसोसायट्या, दूध सोसायट्या, शाळा आणि लहान दवाखाने यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी याच भागातल्या संस्थांना संगणक प्रणाली बसवून देते. अलीकडे संचालकांच्या बहुतेक बैठकीत एक प्रश्न ठरलेला असतो, 'मॅडम, एआय घ्यायचं काय?' माझं उत्तर असतं, जरूर घ्या, पण आपल्या माणसांवर ते कसं चालतं हे स्वतः बघितल्याशिवाय सुरू करू नका. ज्याच्या कर्जाचा, औषधाचा किंवा प्रवेशाचा प्रश्न आहे, तो माणूस चाचणीला समोर बसलेला हवा. हे एक सांभाळलंत तर बाकीचं जमतं.

सुरुवात कागदावर करा. यंत्राकडून नेमकं कोणतं काम करून घ्यायचंय, ते दोन-तीन ओळींत लिहा आणि त्याखाली लिहा, चुकलं तर कोणाचं काय जाईल. दूध सोसायटीतून दराचा मेसेज चुकीचा गेला तर दुसऱ्या दिवशी फोन येतील आणि दुरुस्ती होईल. पण कर्ज नाकारलं गेलं तर कुणाच्या तरी पोरीची कॉलेजची फी राहील, आणि ती मेसेज पाठवून भरून येत नाही. युरोपियन युनियनचा एआय कायदा १ ऑगस्ट २०२४ पासून अमलात आला. त्यात कामांची अशीच धोक्याप्रमाणे वर्गवारी आहे. माणसाची कर्जाची पत ठरवणं, शाळा-कॉलेजातले प्रवेश, नोकरीसाठी उमेदवार निवडणं ही कामं त्यात जास्त धोक्याची धरली आहेत. तो कायदा आपल्याला लागू नाही, पण ही वर्गवारी बैठकीत ठेवली की चर्चा लवकर मुद्द्यावर येते. जास्त धोक्याच्या कामात यंत्राने सुचवायचं आणि सही माणसाने करायची, असा ठराव सुरू करण्याआधीच करून ठेवा.

आता चाचणी. सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. सभासदाचं फोनवरचं बोलणं ऐकून लिहून घेणाऱ्या यंत्राचं उदाहरण घेते.

कंपनीवाला दाखवायला येतो तेव्हा एसी खोलीत, चांगल्या माइकवर, पुणेरी मराठीत बोलून दाखवतो आणि यंत्र सगळं बरोबर लिहितं. आपल्याकडे वडगावात मागे माग चालू असताना फोन येतो. खानापूरच्या जंगलाकडच्या गावातून रेंज तुटत तुटत येते. कुडचीचा सभासद दखनी उर्दूत सुरू करतो, मधेच कन्नडमध्ये जातो आणि रक्कम मराठीत सांगतो. म्हणून चाचणीचा संच आपला आपण तयार करायचा. आधी गट ठरवा : शहरातले, घाटाकडचे, विणकर, ऊसवाले, विडीकामगार बायका, कन्नड बोलणारे, उर्दू बोलणारे, साठीच्या पुढचे. प्रत्येक गटातली निदान तीस माणसं घ्या आणि प्रत्येकाकडून दहाएक वाक्यं, त्यांच्याच फोनवरून, त्यांच्याच घरातून. लिहून दिलेलं वाचून घेऊ नका. 'मावशी, मागचा हप्ता कधी भरलासा, तुमच्या शब्दांत सांगा' असं विचारा आणि गप्प बसा.

एका चाचणीत एक वयस्कर बाई म्हणाल्या, 'ताई, मी परवाच येऊन गेलो, दीड हजार भरलो, पावती मिळाली न्हाई.' इतकं साधं वाक्य, पण यंत्राने बाईंची पुरुष म्हणून नोंद केली, 'दीड हजार'चे एक हजार केले आणि शेवटचा 'न्हाई' गाळून पावती मिळाली असं लिहिलं. आमच्याकडच्या कितीतरी बायका 'आलो, गेलो' असंच बोलतात, त्यात वावगं काही नाही. ज्या आवाजांवर यंत्र शिकलं त्यांत या बायका नव्हत्या. तेव्हा संचात सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच, साडेतीनशे असे आकडे मुद्दाम घाला, आणि नकाराची वाक्यं भरपूर घाला. मोजताना शब्दन् शब्द बरोबर आला का हे धरून बसू नका. नाव, रक्कम, तारीख आणि हो-नाही, या चारांवर गुण द्या.

गुण देताना गट वेगळे ठेवा, ही माझी सगळ्यात मोठी विनंती आहे. सरासरीत गरिबाची चूक दिसत नाही. जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी २०१८ मध्ये चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे ओळखणारी, बाजारात विकली जाणारी सॉफ्टवेअर तपासली. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के होती आणि काळ्या-सावळ्या बायकांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली. गट पाडून मोजल्यामुळेच हे उघड झालं. आपणही आधीच ठरवायचं की सगळ्यात कमी गुण मिळालेल्या गटाचा निकाल तोच यंत्राचा निकाल. विडीकामगार बायकांचं दर चारातलं एक वाक्य चुकत असेल, तर त्यांच्यासाठी माणसाचा काउंटर चालू राहील. त्यावर तडजोड नको.

नावांची तपासणी वेगळी करा, कारण सीमाभागात ही हमखास अडचण आहे. पहाणी, म्हणजे जमिनीचा उतारा, कन्नडमध्ये, शाळेचा दाखला मराठीत, बँकेचं पासबुक इंग्रजीत. एकाच माणसाचं नाव एका कागदावर परशराम, दुसऱ्यावर परशुराम, तिसऱ्यावर आडनावाच्या जागी गावाचं नाव. नावं जुळवणारं सॉफ्टवेअर अशा ठिकाणी 'जुळत नाही' म्हणून मोकळं होतं. तुमच्या जुन्या फायलींतून अशा खऱ्या जोड्या काढा, सभासदांची परवानगी घ्या आणि त्यांवर चालवून बघा. नियम असा ठेवा की नाव जुळलं नाही तर अर्ज थांबेल, पण नाकारला जाणार नाही. थांबलेला अर्ज त्याच दिवशी क्लार्ककडे जायला हवा. विडी वळून, शेतात राबून बोटांचे ठसे पुसट झालेल्यांसाठीही हाच नियम.

कर्जाचं काम असेल तर जुना डेटा आधी वाचून काढा. एका सोसायटीत (नाव लिहीत नाही) कर्जाची शिफारस करणारं सॉफ्टवेअर आणलं आणि ऊसवाले व विणकर एकदम खाली गेले. कारण शोधलं तर असं निघालं की यंत्राला दर महिन्याची जमा हवी होती. ऊसाचं बिल हंगामानंतर येतं. मजुरी मागाच्या ऑर्डरवर असते. पिग्मी, म्हणजे रोजची छोटी बचत, मात्र ते रोज भरत होते, पण पिग्मीच्या नोंदी यंत्राला दिल्याच नव्हत्या. पिग्मी जोडून वर्षाचा हिशेब धरला तेव्हा चित्र बदललं. २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात अमेरिकेतल्या एका आरोग्य सॉफ्टवेअरचा अभ्यास छापून आला, त्याची जात हीच. कोण जास्त आजारी हे ठरवायला त्या यंत्राने उपचारांवर झालेला खर्च धरला होता. काळ्या रुग्णांवर आधीपासूनच कमी खर्च होत होता, म्हणून ते कमी आजारी ठरले. आपल्याकडे जमीन नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असते. 'जमीन आहे का' हा रकाना कर्जाची पत ठरवायला धरला की बाई आपोआप मागे पडते, मग तिच्या महिला संघाची परतफेड कितीही चोख असो. जात, धर्म, भाषा हे रकाने काढून टाकले की काम झालं, असंही समजू नका. आडनाव, गल्ली आणि पिनकोड मिळून तेच सांगतात. म्हणून निकाल लागल्यावर पुन्हा गट पाडून बघायचंच.

नकार दिला तर कारण लेखी द्या, सभासदाला कळेल त्या भाषेत. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या, पुष्पक भट्टाचार्य यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीचा एआयवरचा अहवाल ऑगस्ट २०२५ मध्ये आला. त्यातल्या सात सूत्रांत विश्वास पहिला आहे. सोसायट्या थेट रिझर्व्ह बँकेखाली येत नसल्या तरी सेक्रेटरींनी तो वाचावा.

दवाखान्यांना थोडक्यात सांगते. नंबर लावणं, तपासणीची आठवण करून देणं, डॉक्टरांनी लिहिलेलं वाचून दाखवणं इतपत ठीक. औषधाचं प्रमाण यंत्राच्या तोंडून जाणार असेल तर 'अर्धी गोळी' आणि 'दीड गोळी' दोन्ही भाषांत नर्सने स्वतः ऐकून बघावं. छातीत दुखतंय, रक्त जातंय, पोटातलं बाळ हलत नाही, असं काही ऐकू आलं की फोन लगेच माणसाकडे गेला पाहिजे.

शाळांना, आणि खरं तर सगळ्यांनाच, डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा, २०२३ माहीत हवा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. त्यात आपल्या भागासाठी मोलाची गोष्ट आहे : माहिती कशासाठी घेतोय ही सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो. मराठी, कन्नड, कोकणी, उर्दू या चारही भाषा त्यात आहेत. संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज काढून घेता आली पाहिजे. अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची पडताळता येणारी संमती लागते. संमतीचा कागद वाचून दाखवा, दोन भाषांत, आणि 'नको' म्हणणाऱ्याचं काम अडवू नका.

तक्रारीसाठी एक माणूस नेमा. त्याचं नाव आणि फोन काउंटरवर लावा, आणि यंत्राचा निर्णय फिरवण्याचा अधिकार त्याला ठरावाने द्या. नेदरलँड्समध्ये मुलांच्या संगोपनाच्या अनुदानात हजारो पालकांना खोटेपणाचा ठपका लावून पैसे परत मागितले. सॉफ्टवेअरने जोखीम ठरवताना नागरिकत्वाकडेही बघितलं गेलं होतं. दाद कुठे मागायची हे लोकांना कळत नव्हतं, घरं मोडली, आणि जानेवारी २०२१ मध्ये सरकारला राजीनामा द्यावा लागला. आपण सीमेवरची माणसं. आडनावावरून, भाषेवरून वेगळं मोजलं जाणं म्हणजे काय, हे इथल्या कुणालाच समजावून सांगावं लागत नाही. म्हणून मला वाटतं, आपल्या संस्था याबाबतीत इतरांपेक्षा जास्त काटेकोर असाव्यात, कन्नड सभासदासाठीही आणि मराठी सभासदासाठीही.

कंपनीशी करार करताना चार गोष्टी लिहून घ्या. आवाज आणि कागद कुठे साठवले जातात. आपल्या सभासदांच्या माहितीवर ते पुढचं मॉडेल, म्हणजे यंत्राचा शिकणारा भाग, शिकवणार का. मॉडेल बदललं तर आधी कळवणार का. आणि आपण सोडलं तर डेटा परत देऊन त्यांच्याकडचा पुसणार का. एवढ्यावर सही करायला जो नाखूश आहे, त्याच्याकडून घेऊ नका. दुसरे पर्याय आहेत. केंद्र सरकारची भाषिणी ही भारतीय भाषांसाठीची भाषांतर आणि आवाज ओळखण्याची सेवा २०२२ पासून आहे. मद्रास आयआयटीच्या एआयफॉरभारतने मराठी-कन्नडसह भारतीय भाषांची मॉडेल खुली ठेवली आहेत. त्यांनाही तोच चाचणीचा संच लावा. सरकारी किंवा फुकट म्हणून सूट नाही.

मॉडेल बदललं की संच पुन्हा चालवा. नसेल बदललं तरी ऊसतोड सुरू होण्याआधी एकदा चालवाच, कारण नंतर कर्जाचे अर्ज आणि फोन दोन्ही वाढतात. आणि अंदाजपत्रकात चाचणीला आलेल्या माणसांची मजुरी धरा. दिवसभर विड्या वळणारी बाई दोन तास तुमच्या फोनवर बोलते तेव्हा तिचे दोन तास बुडतात. ते पैसे त्याच दिवशी, रोख, तिच्या हातात द्या.