निवड चाचणीत ८०० मीटर हुकली? आधी शर्यत उलगडून बघा

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत दोन सेकंदांनी विद्यापीठ संघातली जागा गेली की बहुतेक जण सोमवारपासून किलोमीटर वाढवतात. हा उपाय क्वचितच लागू पडतो. ८०० मीटर बिघडते ती वेगाची वाटणी चुकल्याने, ट्रॅकवर जागा न मिळाल्याने किंवा अंगात मुळात त्राणच नसल्याने. यातलं नेमकं काय झालं ते कळेपर्यंत वेळापत्रकाला हात लावू नका.

शर्यत संपल्यावर १०-१५ मिनिटं हलका जॉग, पाणी, थोडं खाणं. चर्चा नको. त्याच संध्याकाळी, व्हिडिओ बघायच्या आधी, वहीत लिहा: पाय कुठे जड झाले, पुढे कोण होतं, शेवटच्या लॅपची बेल वाजली तेव्हा कितवा नंबर होता, कुठे ढकलाढकली झाली. व्हिडिओ एकदा पाहिला की आठवण त्याच्याच सुरात बोलायला लागते. कॉलेजचे दोघं-तिघं धावले असतील तर प्रत्येकाने आपापलं आधी लिहावं. नाहीतर सीनियर म्हणेल तेच सगळ्यांचं कारण ठरतं.

मग स्प्लिट, म्हणजे प्रत्येक २०० मीटरच्या तुकड्याला लागलेला वेळ, काढा. मित्राने स्टँडवरून घेतलेला मोबाइल व्हिडिओ पुरतो, फक्त तो बंदुकीच्या धुरापासून सुरू झालेला हवा. आवाज उशिरा पोचतो, म्हणून धूर दिसला तिथून वेळ मोजा. २००, ४००, ६०० आणि शेवट असे चार आकडे वहीत उतरवा.

समजा लक्ष्य २:०० होतं. २८.५, ३०, ३१, ३०.५ अशी वाटणी शहाणपणाची. पहिली लॅप दुसरीपेक्षा दोन-तीन सेकंदांनी वेगवान असणं ८०० मध्ये चूक नाही. उलट सारख्या वेगाच्या हट्टापायी मुलं पहिल्या वळणावरच मागे अडकतात. पण आकडे २७, २९, ३२.५, ३३.५ असे आले, म्हणजे २:०२, तर दोष पहिल्या २०० चा आहे. तिथे कमावलेला दीड सेकंद शेवटच्या ४०० मध्ये साडेचार सेकंदांना पडला. पहिले तीन तुकडे संथ आणि शेवटचा सगळ्यांत वेगवान असेल तर दम शिल्लक होता, किक, म्हणजे शेवटचा जोराचा रेटा, उशिरा मारली. एकटा तिसरा तुकडाच ढिला पडला असेल तर बेलनंतर पुढच्याशी संपर्क सुटला. ही चूक सगळ्यांत जास्त दिसते आणि सगळ्यांत कमी ओळखली जाते, कारण धावणाऱ्याला वेग तोच आहे असं वाटत राहतं.

आता जागा. एका वळणावर दुसऱ्या लेनमधून धावलात तर साधारण साडेतीन मीटर जास्त पडतात. ४०० मीटरला दुसऱ्या लेनचा स्टॅगर (सुरुवातीला पुढे दिलेली जागा) सात मीटरचा असतो तो याचसाठी. २:०० च्या वेगाने हा अर्धा सेकंद. दोन वळणं बाहेरून काढली की एक सेकंद गेला, तोही तंदुरुस्ती कमी नसताना. उलट आतल्या कठड्याला चिकटून बॉक्स झालात, म्हणजे इतरांच्या घेऱ्यात अडकलात, तर वेग तोडावा लागतो. व्हिडिओत प्रत्येक वळण थांबवून बघा.

निकष कोणता होता तेही तपासा: वेळ की क्रमांक? २०२३ च्या बुडापेस्ट जागतिक स्पर्धेत स्टीपलचेसच्या (अडथळे आणि पाण्याच्या खड्ड्यावरून धावायची शर्यत) प्रत्येक हीटमधून, म्हणजे प्राथमिक शर्यतीतून, पहिले पाचच अंतिम फेरीत जाणार होते. बीडचा अविनाश साबळे सातवा आला आणि बाहेर पडला. पुढच्या वर्षी पॅरिस ऑलिंपिकला तो हीटमध्ये पाचवा येऊन अंतिम फेरीत गेला. क्रमांकावर निवड असेल तर स्वतःच्या घड्याळाकडे बघत धावणं कामाचं नाही.

चारही तुकडे प्रमाणात पण सगळेच संथ असतील तर मागच्या दहा दिवसांची डायरी काढा. रात्रीचा बसप्रवास, सबमिशनची जागरणं, ताप, पाळी, शर्यतीच्या तीन दिवस आधी केलेला जोरदार इंटरव्हल (जोरात धाव, मग विश्रांती असा सराव). हीट तासभर लांबली असेल तर वॉर्म-अप थंड झाला होता का? अशा वेळी पाच मिनिटं जॉग आणि ८० मीटरच्या दोन स्ट्राइड्स (वेगाच्या छोट्या धावा) पुन्हा करायच्या असतात. थकवा कित्येक आठवड्यांचा असेल तर हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) तपासा. हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन खाली असू शकतं. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच.

दुरुस्ती एकच निवडा. तीन-चार दिवस हलकं धावून मग:

पहिला २०० चुकत असेल तर ४ × २०० शर्यतीच्या वेगाने, मध्ये २०० मीटर चाल. घड्याळ सरांच्या हातात. प्रत्येक वेळी वेळ आधी तुम्ही सांगायची. अंदाज अर्ध्या सेकंदात येईपर्यंत हेच.

तिसरा तुकडा ढिला असेल तर २ × ६००, मध्ये दहा मिनिटं विश्रांती. ४०० शर्यतीच्या वेगाने, आणि बेलच्या जागेवरून मुद्दाम रेटा. सोबत्याला दोन मीटर पुढे ठेवा, ते अंतर वाढू द्यायचं नाही.

किक उशिरा येत असेल तर ३ × ३००, शेवटचे १२० पूर्ण जोरात.

आठवड्यात असं एकच सत्र. दोन आठवड्यांनी ६०० ची चाचणी घ्या आणि तिसरा २०० शर्यतीतल्या आकड्याशेजारी लिहा.