कारखान्यात अपघात झाल्यावर भरपाई मागताना या चुका टाळा

नाशिकमधील अंबड-सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत पॉवर प्रेसखाली बोट सापडलेल्या कामगाराला जवळच्या खासगी दवाखान्यात नेले जाते, आणि सोबत आलेला सुपरवायझर डॉक्टरांना सांगतो की घरी दरवाजात बोट अडकले. पोलिसांची चौकशी नको आणि मालकही सांभाळून घेईल, अशा समजुतीने कामगारही मान डोलावतो. सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे, कारण केस पेपरवरची ही एक ओळ पुढे प्रत्येक सुनावणीत त्याच्यासमोर धरली जाते. अपघात कोठे, किती वाजता आणि कोणत्या यंत्रावर झाला, हे डॉक्टरांना स्वतःच्या तोंडाने सांगावे आणि लिहिलेले वाचून पाहावे; हात बांधलेला असेल तर घरच्या माणसाने वाचावे.

दुसरी चूक चुकीच्या दारात उभे राहण्याची. महिन्याचा पगार 21,000 रुपयांपर्यंत असून राज्य कामगार विमा योजनेत नोंदणी असेल, तर भरपाई मालकाकडून नव्हे, ही योजना चालवणाऱ्या महामंडळाकडून मिळते. तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात पगाराच्या सुमारे 90 टक्के रक्कम आणि कायमचे अपंगत्व आल्यास वैद्यकीय मंडळाने ठरवलेल्या टक्केवारीनुसार दरमहा रक्कम मिळते. मात्र त्यासाठी मालकाने अपघाताचा अहवाल पाठवलेला असावा लागतो, म्हणून त्याची प्रत मागून घ्यावी. विमा क्रमांकावरील नोंदणीची तारीखही तपासावी. वर्षानुवर्षे काम करणाऱ्याची नोंदणी नेमकी अपघाताच्या दिवशी झाल्याचे दिसले, तर जुन्या हजेरीचे आणि पगार जमा झालेल्या बँक पासबुकाचे पुरावे लगेच गोळा करावेत.

विमा योजनेत नसलेल्यांची भरपाई मालकाकडून येते. 1923 च्या कर्मचारी भरपाई अधिनियमातील ही तरतूद 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहितेत आली आहे. इथे पेरापेराचा हिशोब असतो, आणि बहुतेक जण तो न समजता सही करतात. तर्जनी पूर्ण गेली तर कमाईच्या क्षमतेत 14 टक्के घट धरली जाते, दोन पेरे गेली तर 11, एक गेले तर 9, आणि हाड शाबूत राहून फक्त टोक कापले गेले तर 5 टक्के. रक्कम काढण्यासाठी वयानुसार एक गुणक ठरवून दिलेला असतो; तीस वर्षांच्या कामगारासाठी तो 207.98 आहे. पगार कितीही असला तरी 15,000 रुपयांपर्यंतच धरला जातो आणि त्याचे 60 टक्के, म्हणजे 9,000 रुपये, या गुणकाने गुणले जातात. त्या रकमेचे 9 टक्के म्हणजे सुमारे 1 लाख 68 हजार, तर 5 टक्के म्हणजे सुमारे 94 हजार. हाड गेले की नाही हे एक्स-रेच दाखवतो, त्यामुळे तो दवाखान्यात किंवा कंपनीच्या फाइलमध्ये न ठेवता स्वतःजवळ ठेवावा. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च या रकमेव्यतिरिक्त मिळतो, म्हणून मेडिकलची बिलेही जपावीत.

‘पन्नास हजार घ्या आणि विषय मिटवा’ असे म्हणून पुढे केलेल्या कागदावर, आणि कोऱ्या कागदावर तर कधीच, सही करू नये. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्याने निरर्थक असतो आणि तडजोड करायचीच असेल तर ती भरपाईचे दावे ऐकणाऱ्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे नोंदवावी लागते. तरीही सही झाल्यावर हे सिद्ध करण्यात महिने जातात. उलट, देय रक्कम महिन्याभरात न दिल्यास मालकावर 12 टक्के व्याज आणि सबळ कारण नसल्यास 50 टक्क्यांपर्यंत दंड बसू शकतो, ही बाब बोलणी करताना ठामपणे मांडावी.

‘तू ठेकेदाराचा माणूस आहेस’ हे उत्तरही ऐकून परत फिरू नये. कंपनीच्या आवारात, कंपनीच्याच कामावर असताना झालेल्या अपघातासाठी भरपाई मूळ कंपनीकडून मागता येते. ती ठेकेदाराकडून वसूल करणे हा कंपनीचा प्रश्न. गेट पास आणि सहकाऱ्यांची नावे त्यासाठी उपयोगी पडतात.

मालकाकडून भरपाई मागण्याचा दावा याच सक्षम प्राधिकाऱ्याकडे अपघातापासून दोन वर्षांच्या आत दाखल करावा. वकिलाची फी परवडत नसेल तर नाशिकच्या जिल्हा न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. औद्योगिक कामगार, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती तिथे मोफत वकिलास पात्र ठरतात. अर्जासोबत केस पेपर, एक्स-रे, पगाराचा पुरावा आणि वयाचा दाखला जोडावा.