रास्पबेरी पायसाठी क्यूटी ॲप लॅपटॉपवर कसं क्रॉस कंपाइल करायचं

पाय ४ वर थेट कंपाइल होतंच, नाही असं नाही, पण माझा २ जीबीवाला आहे, चारही कोअर लावले की रॅम भरते, स्वॅप सुरू होतो आणि माऊससुद्धा हलत नाही. म्हणून लॅपटॉप: क्यूटीचं (विंडोवाली ॲप बनवायच्या लायब्ररीचं) ॲप तिथे पायच्या प्रोसेसरसाठी बनवायचं, यालाच क्रॉस कंपाइल म्हणतात.

आधी पायवर कुठली ओएस आहे ते बघा आणि युनेम या कर्नलची माहिती देणाऱ्या कमांडवर विश्वास ठेवू नका. मी ठेवला. त्याने एआर्च६४ (६४ बिटचा आर्म प्रोसेसर) सांगितलं, मी ६४ बिटचं ॲप बनवून पाठवलं, एलएस केलं की फाइल समोर दिसतेय आणि चालवली की म्हणतो 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'. अख्खा रविवार गेला. कर्नल ६४ बिटचा, बाकी ओएस ३२ बिटची, आणि सापडत नव्हती ती माझी फाइल नव्हतीच, ६४ बिटचा लोडर, म्हणजे प्रोग्राम मेमरीत चढवून सुरू करणारी फाइल होती! तेव्हा डीपीकेजीला (डेबियनच्या पॅकेज टूलला) प्रिंट आर्किटेक्चर विचारा, आर्म६४ आलं तरच पुढे जा, आर्मएचएफ (३२ बिट) आलं तर सरळ ६४ बिटची इमेज कार्डवर टाका.

पायवर बुकवर्म (डेबियन १२ वर आधारलेली ओएस) असेल तर लॅपटॉपवरपण डेबियन १२ च घ्या, डॉकरमध्ये चालेल. उबंटू २४.०४ चा ग्लिबसी (प्रत्येक प्रोग्रामला लागणारी मूळ सी लायब्ररी) २.३९, पायचा २.३६, त्यामुळे बिल्ड मस्त होतं आणि पायवर गेलं की ग्लिबसीचं व्हर्जन नाही म्हणून अडून बसतं. शिवाय क्यूटी दोन्हीकडे एपीटीतून (डेबियनच्या पॅकेज इन्स्टॉलरमधून) ६.४.२ च येतं, स्वतः बिल्ड करायची कटकट नाही.

आता सिसरूट, म्हणजे पायच्या लायब्ररी आणि हेडर फाइलींची लॅपटॉपवरची प्रत, खरी डोकेदुखी इथेच. पायवर क्यूटी बेसचं डेव्ह पॅकेज टाका, मग यूएसआरमधलं लिब आणि इन्क्लूड आरसिंकने (फाइली कॉपी करायच्या टूलने) लॅपटॉपवर एका फोल्डरमध्ये आणा, रचना तशीच ठेवून. कॉपी अनसेफ लिंक्सचा ऑप्शन विसरलात तर ॲबसोल्यूट सिमलिंक (पूर्ण पाथ दिलेले शॉर्टकट) तुमच्या लॅपटॉपच्याच फाइलींकडे बोट दाखवतात. आणि त्या फोल्डरमध्ये लिब नावाची, यूएसआर/लिबकडे जाणारी लिंक हाताने करा, नाहीतर लिंकर लिबसी सापडत नाही म्हणून ओरडतो, फाइल तिथेच असूनसुद्धा.

सीमेकच्या (बिल्ड करायच्या टूलच्या) टूलचेन फाइलमध्ये, म्हणजे कुठला कंपायलर वापरायचा ते सांगणाऱ्या फाइलमध्ये, सिस्टम नेम लिनक्स, एआर्च६४वाला जीसीसी आणि जी++, सिसरूटचा पाथ एवढं द्या. फाइंड रूट पाथ मोड प्रोग्रामसाठी नेव्हर, लायब्ररी, इन्क्लूड, पॅकेजसाठी ओन्ली. क्यूटी होस्ट पाथ यूएसआर ठेवा, कारण मॉक आणि यूआयसी ही क्यूटीची कोड तयार करणारी टूल्स बिल्ड होतानाच चालतात आणि पायचा मॉक इंटेलवर कसा चालणार? तरी होस्टचं क्यूटी सापडलं नाही तर क्यूटी होस्ट पाथ सीमेक डिर पण द्या, डेबियनमध्ये तो फोल्डर एक्स८६-६४ वाल्या लिबच्या आत असतो.

बिल्ड झालं की फाइल कमांड मारून एआर्च६४ दिसतंय ना बघा, एससीपीने पाठवा. एसएसएचमधून (दुरून लॉगिन करून) चालवताना 'कुड नॉट कनेक्ट टू डिस्प्ले' आलं तर घाबरू नका, बिल्ड ठीकच आहे, डिस्प्ले व्हेरिएबल :० करा म्हणजे विंडो पायच्या स्क्रीनवर उघडते. डेस्कटॉपच नसेल तर प्लॅटफॉर्म लिनक्सएफबी (थेट स्क्रीनवर काढणारा) देऊन चालवा.