टर्कीची शिकार: गाल दस्त्यावरच राहू द्या

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात माझ्यासमोर पहिला नर टर्की अठरा पावलांवर आला आणि माझा बार फुकट गेला. पक्षी नीट दिसावा म्हणून चाप ओढताना मी मान उचलली होती. गाल बंदुकीच्या दस्त्यावरून सुटला की डोळा वर जातो. माशी, म्हणजे नेम धरायचा नळीच्या टोकावरचा मणी, पक्ष्यावरच दिसते, पण नळी मात्र वर रोखलेली असते. छर्रे डोक्यावरून निघून जातात.

शॉटगन आहे, काहीतरी लागेलच, असं मला वाटायचं. टर्कीसाठी नळीच्या तोंडाशी लावतात तो घट्ट चोक (छर्रे एकत्र ठेवणारी अरुंद नळी) असला, की इतक्या जवळ छर्ऱ्यांचा पसारा अगदी लहान असतो. म्हणून हंगामाआधी कागदावर टर्कीचं डोकं-मान काढून २०, ३० आणि ४० यार्डांवर आपल्याच बंदुकीने, आपल्याच काडतुसांनी बार टाकून बघा. मान आणि डोक्यात भरपूर छर्रे बसतात ते शेवटचं अंतर तुमची हद्द. माझी ३५ यार्ड आहे. त्यापलीकडचा पक्षी मी जाऊ देतो.

खांद्यांपेक्षा रुंद झाडाला पाठ लावून बसा. उजव्या हाताने चाप ओढणाऱ्याने डावा खांदा पक्षी येईल त्या दिशेला ठेवावा आणि बंदूक डाव्या गुडघ्यावर टेकवावी. हालचाल करायची ती पक्ष्याचं डोकं झाडाआड गेल्यावरच. पिसारा फुलवलेला असताना त्याची मान आखडलेली असते, तेव्हा थांबा. कॉलवर (टर्कीसारखा आवाज काढायच्या साधनावर) एक तुटक आवाज काढला की तो बहुधा मान ताठ करतो. नेम मानेच्या मधोमध, चाप हळू, आणि बार झाल्यावरही गाल तिथेच.

वसंतात इथे छातीवर केसांचा झुपका असलेलाच पक्षी मारता येतो. झुपका डोळ्यांनी दिसेपर्यंत बोट चापावर नको. आवाजावर किंवा हलत्या झुडपावर बार टाकणं म्हणजे माणसाच्या जिवाशी खेळ. नराच्या डोक्यावर लाल, पांढरा, निळा रंग असतो, त्यामुळे या रंगांचा साधा रुमालही अंगावर नको.

वर्क व्हिसावर असाल तर सुरक्षेचा कोर्स करून शिकारीचा परवाना आधी काढा, बंदूक त्यानंतर. आणि पक्षी पडला की जागेवरून हलवण्याआधी त्याला परवान्यासोबतचा टॅग लावा.