मधल्या वेगावरच थरथरणारा कूलर: माझा अनुभव

जळगावच्या मे महिन्यातल्या उन्हात आमचा लोखंडी स्टँडवरचा कूलर मंद आणि पूर्ण वेगावर शांत चालत असे, मात्र मधल्या वेगावर खिडकीची तावदाने वाजेपर्यंत थरथरत असे. बेअरिंगला ग्रीस दिले, पात्यांवरचा क्षार पुसला, पायांखाली रबर ठेवले. रबरामुळे अवमंदन (कंपनाची ऊर्जा शोषून ते मंदावणे) वाढून थरथर थोडी कमी झाली, इतकेच. तीन रात्री झोप नव्हती.

उलगडा टाकीने केला: ती भरलेली असताना थरथर आणखी कमी वेगावर सुरू होई. वस्तुमान वाढले की नैसर्गिक वारंवारता, म्हणजे धक्का दिल्यावर वस्तू सेकंदाला जितक्या वेळा आपोआप डुलते ती संख्या, घटते. तेव्हा हा अनुनादच होता: पंख्याच्या फेऱ्या या वारंवारतेशी जुळल्या की थरथर खूप वाढते.

प्रथम वीज बंद करून टाकी रिकामी केली व कूलर उतरवला. नंतर हाताने ढकलल्यावर स्टँड ज्या दिशेला डुलत होता, त्या दिशेला समांतर असलेल्या दोन्ही बाजूंना कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत लोखंडी पट्टी तिरपी बसवून नट-बोल्ट घट्ट आवळले. आडवी पट्टी येथे फारशी उपयोगाची नाही. ताठरता तिरपीनेच वाढते, आणि ती चौपट झाली तर वारंवारता दुप्पट होते. शेवटी टाकी रिकामी आणि भरलेली, अशा दोन्ही अवस्थांत रेग्युलेटर सावकाश फिरवून पाहिला, कारण एकाच वेगावर तपासल्यास अनुनाद नुसता दुसऱ्या वेगावर सरकला आहे की काय, हे कळत नाही. तावदाने आता वाजत नाहीत.