खनिज शोधणाऱ्या छोट्या कंपनीचा गल्ला आणि त्यावर बसलेली माणसं कशी तपासावीत

सोनं, तांबं, लिथियम शोधत फिरणाऱ्या छोट्या कंपनीकडे विकायला माल नसतो, त्यामुळे नफ्याचाही प्रश्न येत नाही. पी/ई गुणोत्तर आणि लाभांश बघायला सांगणारे सल्लागार इथे काडीच्या कामाचे नाहीत. शेअर विकून पैसा आणायचा, त्यातून जमिनीत भोकं पाडायची, पैसा संपला की पुन्हा शेअर विकायचे, असा हा धंदा. आपल्याला दोनच गोष्टी शोधायच्या आहेत: पैसा किती महिने पुरेल, आणि तो भोकांत जातोय की खुर्च्यांत, म्हणजे संचालकांच्या पगारांत.

कागद गोळा करणं सोपं आहे. कॅनडातली कंपनी असेल तर सेडार प्लसवर (कंपन्यांचे कागद ठेवणारं तिथलं संकेतस्थळ) तिमाही आर्थिक विवरणं, त्यांच्या टिपा आणि व्यवस्थापनाचं विवेचन मिळतं. ऑस्ट्रेलियातली असेल तर शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर दर तिमाहीचं अपेंडिक्स ५बी, म्हणजे रोख पैशाच्या हिशेबाचा ठरावीक तक्ता असतो. कंपनीचं चकचकीत सादरीकरण उघडूच नका.

मग खेळतं भांडवल काढा: चालू मालमत्तेतून चालू देणी वजा. ताळेबंदात ‘शोध आणि मूल्यमापन मालमत्ता’ म्हणून लाखो डॉलर दिसतील. तो आजवर झालेला खर्च आहे, त्यातून ड्रिलवाल्याचं बिल भागत नाही.

आता खरी मेख. महिन्याला पैसा किती जळतो?

‘तिमाहीचा तोटा घ्या, तीनने भागा’ हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो चूक आहे. तोट्यात संचालकांना दिलेल्या ऑप्शनचा (ठरलेल्या भावात शेअर घेण्याच्या हक्काचा) खर्चही असतो. ती नुसती वहीतली नोंद, गल्ल्यातून एक पैसा जात नाही. उलट ड्रिलिंगवर गेलेला रोख पैसा कधीकधी तोट्यात दिसतच नाही, कारण आयएफआरएस ६ या आंतरराष्ट्रीय हिशेब-नियमानुसार शोधाचा खर्च लगेच खर्ची टाकायचा की मालमत्ता म्हणून दाखवायचा, हे कंपनी स्वतः ठरवते.

मी इथेच सपशेल आपटलो. एका तांबं शोधणाऱ्या कंपनीचं रोख प्रवाह पत्रक काढलं, ‘कार्यचालनातून’ या भागातला आकडा घेतला, शिल्लक रकमेला त्याने भागलं. उत्तर आलं जवळपास दोन वर्षं. खूश होऊन शेअर घेतले. पाचव्या महिन्यात कंपनीने पडत्या भावात नवे शेअर काढले, प्रत्येक शेअरमागे एक वॉरंट (पुढे ठरलेल्या भावात नवा शेअर घेण्याचा हक्क) फुकट. पत्रक पुन्हा उघडलं तेव्हा दिसलं की ड्रिलिंगचा सगळा खर्च दहा ओळी खाली, ‘गुंतवणुकीतून’ या भागात बसला होता. मी तिथवर वाचलंच नव्हतं.

तेव्हापासून दोन्ही भागांतला खर्च मिळवल्याशिवाय मी भागाकार करत नाही. ऑस्ट्रेलियात ही बेरीज अपेंडिक्स ५बीच्या कलम ८ मध्ये आयती मिळते, किती तिमाही पुरेल तेही लिहिलेलं असतं. दोन तिमाहींपेक्षा कमी उरलं असेल तर पुढे काय करणार, हे कंपनीला तिथेच लिहावं लागतं. कॅनडात बेरीज आपली आपण करायची. आणि तिथल्या अंतरिम पत्रकातले रोख प्रवाहाचे आकडे वर्षाच्या सुरुवातीपासूनचे असतात; तिसऱ्या तिमाहीच्या कागदात नऊ महिन्यांचे. त्यातून सहा महिन्यांचे वजा केले की तिमाही हाती येते.

कॅनडात आणखी एक सापळा आहे, फ्लो-थ्रू शेअर. या शेअरवर गुंतवणूकदाराला करसवलत मिळते, म्हणून तो पैसा कॅनडातल्या शोधकामावरच खर्च करावा लागतो. त्यातून ऑफिसचं भाडं आणि पगार भागत नाहीत. समजा बँकेत २४ लाख डॉलर आहेत. त्यातले ९ लाख फ्लो-थ्रूचे, ५ लाखांची देणी. मोकळे उरले १० लाख. ऑफिसचा खर्च तिमाहीला अडीच लाख असेल तर चार तिमाही, तेही फ्लो-थ्रूबाहेरचं एकही भोक पाडलं नाही तर. २४ लाखांना थेट अडीचने भागणाऱ्याला साडेनऊहून जास्त तिमाही दिसतात. टिपांमध्ये फ्लो-थ्रूची उरलेली बांधिलकी बँकेतल्या रकमेपेक्षा जास्त दिसली तर तो पैसा दुसरीकडे वापरला गेला आहे. मी तिथेच फाइल बंद करतो.

‘कंपनी चालू राहण्याबाबत साशंकता’ ही टीप वाचून घाबरू नका. या धंद्यात ती बहुतेकांच्या कागदात असते.

आता माणसं. ‘तीस वर्षांचा अनुभव’ हे वाक्य मी वाचतही नाही. ‘संबंधित पक्षांशी व्यवहार’ ही टीप वाचतो (अपेंडिक्स ५बीत कलम ६). संचालकांना व त्यांच्या खासगी सल्लागार संस्थांना गेलेली रक्कम एका बाजूला, ड्रिलिंगवर गेलेली दुसऱ्या बाजूला ठेवा. एखादी तिमाही उलटी असू शकते. बर्फात ड्रिल चालत नाही, पगार चालू राहतात. सलग दोन वर्षं खुर्च्याच जड असतील तर ती कंपनी खनिज शोधत नाही, पगार शोधते. संचालकांची थकलेली देणीही बघा: नवा पैसा आला की पहिला हात त्यांचाच पडतो.

अध्यक्षाच्या आधीच्या कंपन्या काढा. तिथे तो आला तेव्हा शेअर किती होते, गेला तेव्हा किती, आणि मधे दहा जुन्या शेअरचा एक नवा असं एकत्रीकरण किती वेळा झालं? प्रकल्प फसला म्हणून त्याच्यावर टीका नको, बहुतेक फसतातच. फसलेला प्रकल्प त्याने वेळेत सोडला का, ते बघा. मुख्य वित्त अधिकारी एकाच वेळी पाच-सहा कंपन्यांत असणं इथे सर्रास चालतं, त्यावर अडू नका.

तांत्रिक अहवालावर सही कोणाची, तेही पाहा. १९९७ मध्ये इंडोनेशियातल्या बुसांगच्या नमुन्यांत सोनं वरून मिसळल्याचं उघड झालं, ती खाण शोधणारी कॅनडाची कंपनी ब्री-एक्स बुडाली, आणि २००१ मध्ये कॅनडात एनआय ४३-१०१ हा खनिज प्रकल्पांची माहिती जाहीर करण्याचा नियम आला. आता पात्र तज्ज्ञाचं नाव द्यावंच लागतं. तो कंपनीचाच पगारी असेल तर मी भाव थोडा कमी धरतो.

शेवटी कॅनडातल्या सेडीवर (संचालकांनी आपले शेअर-व्यवहार नोंदवायचं संकेतस्थळ) जाऊन संचालकांच्या शेअर-व्यवहारांचे कोड बघा. कोड ५० म्हणजे ऑप्शन मिळाले. बातमीत ‘संचालकांचा हिस्सा वाढला’ असं छापून येतं ते बऱ्याचदा हेच. कोड १० म्हणजे बाजारातला व्यवहार, खरेदी किंवा विक्री. त्यापुढे उणे चिन्ह (म्हणजे विक्री) आहे का, ते नीट बघा; घाईत माझ्या नजरेतून ते एकदा निसटलं होतं.